आधी कागदावर, मग पडद्यावर

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर चक्कर मारतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि वेळ उरलाच तर पन्हाळ्याला जाऊन येतो. खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेऱ्याचा स्तंभ मात्र त्याच्या यादीत नसतो. पाहुण्याचे सोडा, रोज त्या रस्त्याने दुचाकीवरून जाणाऱ्या आपल्या मुलांनाही तो कॅमेरा तिथे का आहे हे विचारले, तर दहांतली किती मुले उत्तर देतील याची शंकाच आहे.

आणि गंमत अशी, की त्या कॅमेऱ्यामागच्या माणसाची खरी गरज आज याच मुलांना आहे. घराघरांत सध्या एक नवे वेड शिरले आहे. नातवंडे मोबाईलच्या नाहीतर टॅबलेटच्या काचेवर चित्रे काढतात, चौकटीला चौकट जोडतात, पात्रांच्या तोंडी फुग्यांतून संवाद घालतात आणि ती चित्रकथा भागाभागांनी इंटरनेटवर टाकतात. त्याला ती वेबकॉमिक म्हणतात. पहिला भाग धडाक्यात होतो, दुसरा रडतखडत निघतो आणि तिसरा बहुधा निघतच नाही. नायकाचा शर्ट पहिल्या चौकटीत निळा असतो, चौथीत हिरवा होतो. गोष्ट कुठे जायची हे ठरलेलेच नसते. मग पोर हिरमुसते आणि घरची मोठी माणसे हे असले उद्योग सोडून अभ्यास कर म्हणून मोकळी होतात.

चित्रांतून गोष्ट सांगायची तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच गावातल्या एका तरुणाला पडला होता. त्याच्याजवळ शाळा-कॉलेजची पदवी नव्हती, चित्रकलेच्या विद्यालयाचा दाखला नव्हता आणि खिशात पैसेही नव्हते. तो तरुण म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. पुढे साऱ्या देशाने त्यांना बाबूराव पेंटर या नावाने ओळखले आणि कोल्हापूरकरांनी कलामहर्षी म्हणून डोक्यावर घेतले.

मेस्त्रींच्या घरातला मुलगा

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे हाडाचे कारागीर. लाकूड, लोखंड आणि मूर्तिकाम या तिन्हींची जाण असलेले. अशा घरातल्या मुलाला शिकवणी लागत नाही. पटाशी कशी धरायची, रंग कसा घोटायचा, बिघडलेले यंत्र उघडायचे कसे आणि पुन्हा जोडायचे कसे, हे तो बघता बघता शिकतो. बाबूराव चित्रकला आणि शिल्पकला अशीच स्वतःच्या स्वतः शिकले.

त्यांना जोडीदार मिळाला तो आनंदराव. नात्याने भाऊ, वृत्तीने अगदी जुळा. १९१० ते १९१६ या काळात नाटकांचे पडदे रंगवण्यात या दोघांचा हात धरणारे पश्चिम भारतात फार थोडे होते. तो संगीत नाटकांचा भराचा काळ. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत आणि त्यांच्याबरोबर राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे गुंडाळलेले पडदे फिरत. पडदा वर गेला की नट तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकांतून दाद यायची, ती पडदा रंगवणाऱ्याला असे. पारशी-गुजराती नाटक कंपन्यांनीही या भावांकडून पडदे करून घेतले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हे नाव चिकटले ते तेव्हापासून.

ही पडद्यांची उमेदवारी महत्त्वाची आहे. सपाट कापडावर लांबवर जाणारा रस्ता दाखवायचा, कुठल्या कोपऱ्यात अंधार ठेवायचा आणि कुठे उजेड पाडायचा, बघणाऱ्याची नजर नेमकी कुठे न्यायची, हे सगळे त्यात येते. चित्रकथा काढणाऱ्याला आजही हेच शिकावे लागते. साधन तेवढे बदलले.

कॅमेरा विकत मिळेना, म्हणून

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो पाहिल्यावर या दोघा भावांना दुसरे काही सुचेना. आपण जी चित्रे काढतो ती जागची हलत नाहीत आणि इथे तर चित्र चालते, बोलत नसले तरी हसते, रडते! मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक वापरलेला प्रोजेक्टर मिळवला. त्यावर ते खेळ दाखवत आणि एकीकडे ते यंत्र चालते कसे याचा अभ्यास करत.

पण खेळ दाखवणे वेगळे आणि खेळ तयार करणे वेगळे. त्यासाठी कॅमेरा हवा. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, त्यातच १९१४ साली महायुद्ध भडकले. तेव्हा या मंडळींनी ठरवले, की कॅमेरा आपणच करायचा.

हे किती अवघड होते ते थोडे समजून घेऊ. चलच्चित्राची फीत सरळ धावत नाही. ती एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत येतो, झडप बंद होते आणि मग फीत पुन्हा सरकते. हे सेकंदाला सोळा वेळा घडायचे आणि तेही हाताने दांडा फिरवून. फितीच्या कडेला जी भोके असतात, त्यांत दात अडकून ती ओढली जाते. हा दात केसभर इकडेतिकडे झाला, तर चित्र पडद्यावर थरथरते. हे सगळे कोल्हापुरात, साध्या अवजारांनी आणि पुस्तकी ज्ञानाशिवाय करायचे होते.

आणि या धडपडीच्या ऐन मध्यावर, १९१६ साली, आनंदराव गेले. ज्याच्यासोबत स्वप्न पाहिले तो माणूसच राहिला नाही. इथे कुणीही हात टेकले असते. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना बरोबर घेतले आणि काम पुढे नेले. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. खरी कॉर्नरचा स्तंभ याच जिद्दीची आठवण आहे.

भांडवल कुणी दिले?

आयुष्याची पस्तीस वर्षे मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. त्या सवयीने मला प्रत्येक यशोगाथेत पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. बाबूरावांची कर्जाची फाईल त्या काळी एखाद्या बँकेपुढे आली असती, तर तिचे काय झाले असते? तारण काही नाही, धंद्याचा पूर्वानुभव नाही, यंत्र घरी बनवलेले आणि माल म्हणजे पडद्यावर नाचणाऱ्या सावल्या! कुठल्याही अधिकाऱ्याने ती फाईल पहिल्याच पानावर मिटली असती.

बाबूरावांना पैसा दिला तो एका गायिकेने. तानीबाई कागलकर यांनी विश्वास टाकला आणि पहिले महायुद्ध संपत आले त्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. समाज ज्या बायांना मानाने दारात उभे करत नव्हता, त्यांतल्या एकीने मराठी चित्रपटसृष्टीच्या पायात पहिली वीट ठेवली, हे आपण पुढच्या पिढीला आवर्जून सांगितले पाहिजे. कोल्हापूर संस्थानाचे वातावरणही अनुकूल होते. राजर्षी शाहू महाराजांच्या या नगरीत मल्ल, गवई, नट आणि चितारी या सगळ्यांनाच आसरा होता.

कंपनीत माणसे गोळा झाली ती अशीच, हातात कसब असलेली. दामले होते, फत्तेलाल होते, धायबर होते. १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा एक कोवळा मुलगा आला आणि पडेल ते काम करू लागला. तेच पुढचे व्ही. शांताराम.

कागदावरचा सिनेमा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबूरावांची काम करण्याची रीत काय होती? ते चित्रीकरणाआधी चित्रे काढत. पात्र कसे दिसेल, त्याच्या अंगावर काय असेल, ते कसे उभे राहील आणि कसे हलेल, याची रेखाटने आधी कागदावर उतरत. आज मोठमोठ्या चित्रपटांत प्रसंगांच्या चौकटी आधी रेखाटून घेण्याची पद्धत सर्रास आहे. आपल्या कोल्हापुरात एक चित्रकार ते शतकापूर्वी आपल्या बुद्धीने करत होता.

यामागे कलेइतकाच हिशेबही असणार. पस्तीस मिलिमीटरच्या एका फूट फितीत सोळा चौकटी मावतात. म्हणजे मूकपटाच्या वेगाने एक सेकंदाला सुमारे एक फूट फीत संपते. हजार फुटांचे एक रीळ सोळा-सतरा मिनिटांत खलास! आणि कच्ची फीत परदेशातून येणारी. नटाने कुठून यायचे आणि कुठे थांबायचे याचा विचार कॅमेरा सुरू झाल्यावर करायचा म्हटले, तर विचार होईपर्यंत पैसे संपायचे. कागद स्वस्त, फीत महाग. म्हणून चुका कागदावर करून घ्यायच्या.

वेबकॉमिक करणाऱ्या मुलाने हाच धडा घ्यावा. त्याची फीत फुकट आहे हे खरे, पण त्याचा वेळ आणि त्याचा हुरूप फुकट नाही. आधी सगळी गोष्ट एका पानावर लिहावी, शेवटासकट. मग प्रत्येक पात्र समोरून, बाजूने आणि पाठमोरे काढून ठेवावे. कपडे, केस, उंची पक्की करावी आणि तो कागद कायम समोर टांगावा. त्यानंतर प्रत्येक पानाच्या चौकटी काडेपेटीएवढ्या लहान काढून बघाव्यात. संवादाच्या फुग्याला जागा आधी सोडावी, नाहीतर तो शेवटी नायकाच्या डोक्यावर बसतो. आणि चार-पाच भाग तयार असल्याखेरीज पहिला भाग लोकांपुढे ठेवू नये. परीक्षा आली, ताप आला, पाहुणे आले, तरी ठरल्या दिवशी पुढचा भाग गेला पाहिजे.

मूकपट आणि चित्रकथा यांचे नाते तसेही सख्ख्या बहिणींचे आहे. दोन्हींत आवाज नाही. शब्द मोजके आणि लिहूनच द्यायचे. बाकीचे सारे चेहऱ्याने, हाताच्या हालचालीने आणि चौकटीच्या मांडणीने सांगायचे.

सैरंध्रीचा धक्का

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटात तारामती करायला पुरुष उभा करावा लागला होता. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांना पडद्यावर आणले. त्यांचीच नावे पुढे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली.

या चित्रपटातला कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला, की प्रेक्षक हादरले आणि पुढे तो भाग कापावा लागला. कौतुकही तेवढेच झाले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत या नव्या कलेच्या पाठीवर त्यांचा हात पडला, हे कोल्हापूरचे भाग्यच.

मग चित्रपटांची रांग लागली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा ‘सिंहगड’ १९२३ साली आला. त्यात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर सारे काम सूर्यनारायणाच्या मर्जीवर चाले. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. रंगवलेल्या पडद्यांवर ज्यांचे नाव झाले, त्यांनीच चित्रपटातून पडदे हटवले आणि खऱ्या भिंती, खरे खांब, राहती वाटावीत अशी घरे उभी केली. ज्या विद्येने आपल्याला मोठे केले ती नव्या कामाला पुरत नाही असे दिसताच बाजूला ठेवायची, याला मोठे मन लागते.

१९२४ चा ‘कल्याण खजिना’ लंडनजवळच्या वेम्बले इथल्या प्रदर्शनापर्यंत पोहोचला आणि पदक घेऊन आला. त्याचे रंगीत पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय चित्रपटांच्या जुन्यात जुन्या पोस्टरांत गणले जाते. पोस्टरे बाबूराव स्वतः रंगवत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही त्यांनी काढल्या. आपण केलेली वस्तू चांगली आहे एवढ्यावर न थांबता ती लोकांपर्यंत नेण्याचीही कला असते, हे त्यांना पुरते कळले होते.

सावकारी पाश

बाबूरावांचा मला सर्वांत जवळचा वाटणारा चित्रपट म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. ना देव, ना राक्षस, ना तलवारी.

त्याच्या पन्नास वर्षे आधी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तरी पाश सुटला नव्हता. माझ्या नोकरीची बरीच वर्षे खेड्यांतल्या शाखांत गेली. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले आणि बँक गावात आली, पण सावकार काही गावातून गेला नाही. टेबलापलीकडे बसून अंगठा उठवताना ज्याचा हात कापतो, असा शेतकरी मी पुष्कळदा पाहिला आहे. म्हणून मला आश्चर्य वाटते, ते पौराणिक चित्रपटांवर गल्ला भरत असताना या माणसाकडे कॅमेरा वळवावा असे बाबूरावांना वाटले याचे.

चित्रपट धंद्यात चालला नाही. लोकांना पडद्यावर चमत्कार हवे होते, स्वतःचे दुःख नको होते. बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे वळले. पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून. आज भारतीय चित्रपटाच्या इतिहासात वास्तववादाचा आरंभ शोधणारे अभ्यासक येऊन थांबतात ते याच चित्रपटापाशी.

घरटे रिकामे झाले

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम कंपनीतून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १ जूनला त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत जाऊन नावाजला गेला.

ज्यांना हाताला धरून शिकवले, ती उजव्या हाताची माणसे एकदम गेली तेव्हा बाबूरावांना काय वाटले असेल? चाळिशीला आलेला माणूस, भोवती रिकामा स्टुडिओ आणि दारात बोलपटाचे नवे युग. चित्राने बोलण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आवाजाचे फारसे आकर्षण नव्हते. बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दार बंद झाले.

एका बाजूने पाहिले तर हे अपयश. दुसऱ्या बाजूने पाहिले तर रोपवाटिकेचे हेच काम असते. रोपे उपटून दुसऱ्या रानात लावली जातात, तेव्हाच तिचे चीज होते. प्रभातच्या चित्रपटांत जो देखणेपणा आहे, जी भिंतींना भिंतपणा देणारी नजर आहे, ती कुठे घडली हे सांगायला नको. मात्र म्हणून बाबूरावांच्या वाट्याला आलेले एकटेपण हलके होत नाही. कलेच्या इतिहासात ज्याने रस्ता केला त्याचे नाव मैलाच्या दगडावर असते आणि गर्दी मुक्कामाच्या गावी जमते.

त्यानंतर त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले, पण मन रमले ते पुन्हा रंगात आणि मातीत. १९४५ साली कोल्हापुरात इंग्रज गव्हर्नराच्या पुतळ्याच्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, तो बाबूरावांच्या हातचा. आज शिवाजी चौकातून जाणारा प्रत्येक कोल्हापूरकर त्या पुतळ्यापुढे मान लववतो, पण तो घडवणाऱ्याची आठवण किती जणांना होते? १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेकांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. ती जुनी फीत नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत आपोआप कुजून जाणारी. ज्या ‘सैरंध्री’ने प्रेक्षक हादरले ती आपण पाहू शकत नाही. गंमत पाहा, ज्याचे काम पाहता येत नाही त्याचा हात मात्र कितीतरी कामांत दिसतो.

तेव्हा घरातले एखादे पोर मोबाईलवर चौकटी आखत बसले असेल, तर त्याला लगेच उठवू नका. एक वही आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि आधी सगळी गोष्ट कागदावर काढायला सांगा. आणि पुढच्या रविवारी वेळ काढून त्याला खरी कॉर्नरला न्या. तो कॅमेरा दाखवा आणि सांगा, की विकत मिळाला नाही म्हणून हा कोल्हापुरातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने केला होता.